कापरापासून कार्बन नॅनोनळ्या

कार्बन नॅनोनळी म्हणजे कार्बन अणूंच्या षटकोनी जाळीची पोकळ गुंडाळी. एकपदरी नळीचा व्यास साधारण 1 नॅनोमीटर. सुमिओ इजिमा यांनी 1991 साली कार्बन नॅनोनळ्यांचे सविस्तर वर्णन केल्यावर जगभर संशोधन वाढले. मुंबईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शरण यांच्या गटाने पेट्रोलियमऐवजी वनस्पतिजन्य कच्चा माल निवडला, आणि ही निवड फार मोलाची ठरली. त्यांचे विद्यार्थी मुकुल कुमार यांनी पुढे जपानमध्ये योशिनोरी आंदो यांच्यासह कापरापासून नळ्या बनवल्या.

आरतीतला कापूर जळताना दाट काजळी धरतो. त्याच्या रेणूत कार्बनचे 10 अणू असतात. क्वार्ट्झच्या नळीत, आरगॉन वायूत, सुमारे 900 अंश सेल्सिअसला कापूर व फेरोसीन (लोहयुक्त संयुग) यांची वाफ सोडतात. तिथे हवा नसल्याने कापूर पेटत नाही, त्याचे विघटन होते. फेरोसीनमधून सुटलेल्या लोहाच्या सूक्ष्म कणांवर कार्बन साचून नळी वाढते. कापराच्या रेणूतला ऑक्सिजन नको असलेली काजळी जाळून टाकतो, असे या संशोधकांचे मत आहे.

लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये नळ्या मिसळल्या की वीजवहन सुधारते. प्लॅस्टिकही त्यांच्यामुळे विद्युतवाहक होते. मात्र नळ्या एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, त्या सुट्या करणे जिकिरीचे असते.