वेगमापन, हलक्या स्पोर्ट्‌स मोटारगाड्यांचे

हलक्या स्पोर्ट्‌स मोटारगाडीचा खरा कमाल वेग आणि शर्यतीच्या मार्गावरील एका पूर्ण फेरीस तिला लागणारा काळ (फेरीकाल) या दोन राशी ठरविण्याच्या पद्धतींचा या विषयात समावेश होतो. या राशी परस्परांशी निगडित असल्या, तरी त्या एकच गुण दर्शवीत नाहीत. कमाल वेग मुख्यतः एंजिनाची शक्ती व वायुरोध यांवर अवलंबून असतो. तर फेरीकालावर वजन, टायरांची पकड, गतिरोधक (ब्रेक) आणि चालकाचे कौशल्य यांचा प्रभाव अधिक असतो. कोणत्या अंतरावर, कोणत्या दिशेने, गाडीच्या कोणत्या स्थितीत व कोणत्या उपकरणाने मापन केले, हे सांगितल्याशिवाय वेगाचा अथवा फेरीकालाचा नुसता आकडा तुलनेस निरुपयोगी ठरतो.

दोन आसनांची, कमी वजनाची व माफक शक्तीची स्पोर्ट्‌स मोटारगाडी हा प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये विशेष विकसित झाला. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये पुढे आणलेली लोटस सेव्हन ही गाडी या प्रकाराचा नमुना मानली जाते. १९७३ मध्ये तिच्या उत्पादनाचे हक्क केटरहॅम या संस्थेकडे गेले. १९९६ मध्ये उत्पादनास आलेल्या लोटस एलिझ या गाडीचे वजन सु. ७२५ किग्रॅ. व शक्ती सु. १२० अश्वशक्ती होती आणि तिचा कमाल वेग ताशी सु. २०० किमी. होता.

वेगमापकाचा दोष : गाडीतील वेगमापक जमिनीसापेक्ष वेग प्रत्यक्ष मोजत नाही. तो चाकाचे किंवा दंतचक्र पेटीतील दंडाचे फेरे मोजतो आणि टायरचा परिघ ठराविक आहे असे गृहीत धरून त्यावरून वेग दाखवितो. टायर झिजले की परिघ घटतो. ६०० मिमी. व्यासाच्या टायरचा पृष्ठभाग ६ मिमी. झिजल्यास व्यास १२ मिमी.ने, म्हणजे २ टक्क्यांनी कमी होतो व वेगमापक तितकाच जास्त वेग दाखवितो. हवेचा दाब, गाडीवरील भार, तसेच मोठ्या वेगात केंद्रोत्सारी प्रेरणेने टायरचे फुगणे यांमुळेही परिघ बदलतो. शिवाय जमिनीला प्रेरणा देताना चालक-चाके किंचित घसरतात, म्हणून त्यांचे फेरे कापलेल्या अंतराच्या मानाने थोडे जास्त होतात.

वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, अशी कायद्याची अपेक्षा असते. संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ व्या विनियमानुसार वेगमापकाने दाखविलेला वेग खऱ्या वेगाहून कमी असता कामा नये. मात्र तो खऱ्या वेगाच्या एक-दशांश अधिक ताशी ४ किमी. इतक्या मर्यादेपर्यंत जास्त असू शकतो. म्हणजे गाडी ताशी २०० किमी. वेगाने जात असताना काट्याने ताशी २२४ किमी. दाखविले, तरी ते या मर्यादेत बसते. उत्पादक सामान्यतः काटा थोडा पुढेच ठेवतात. त्यामुळे काट्यावर पाहिलेला कमाल वेग हा खरा कमाल वेग समजणे योग्य नव्हे.

गणिताने मिळणारा वेग : एंजिनाचे फेरे, दंतचक्रांचे एकूण गुणोत्तर आणि टायरचा परिघ यांवरून वेग काढता येतो. एंजिन मिनिटास ६,५०० फेरे घेत असून सर्वांत वरच्या गिअरमधील एकूण गुणोत्तर ४ आणि परिघ १·८५ मी. असल्यास वेग ताशी सु. १८० किमी. येतो. परंतु तेवढे फेरे गाठण्याइतकी शक्ती एंजिनात असेल, तरच हा वेग प्रत्यक्षात येतो. वायुरोधाची प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे केवळ वायुरोध विचारात घेतला, तर वेग १० टक्क्यांनी वाढविण्यास सु. ३३ टक्के अधिक शक्ती लागते.

उघड्या चाकांच्या ६०० किग्रॅ. वजनाच्या गाडीचा वायुरोधांक व समोरील क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०·९ चौ. मी. धरल्यास ताशी १८० किमी. वेगास वायुरोधासाठी सु. ६७ किलोवॉट व टायरांच्या लोटनरोधासाठी केवळ ४ ते ५ किलोवॉट, अशी एकूण सु. ७२ किलोवॉट (जवळजवळ १०० अश्वशक्ती) शक्ती चाकांपाशी लागते. याच गाडीचे वजन दुप्पट केले, तरी सपाट रस्त्यावरील तिचा कमाल वेग ताशी सु. ४ किमी.नेच घटेल. हलकेपणाचा लाभ कमाल वेगात फारसा दिसत नाही, याचे कारण हेच आहे. तसेच कमाल वेगाच्या जवळ पोचताना शिल्लक राहणारी प्रेरणा फार थोडी असल्याने त्वरण मंदावते. वरील गाडीला कमाल वेगाच्या ९५ टक्क्यांवरून ९९ टक्क्यांपर्यंत जाण्यासच अर्ध्या किमी.हून अधिक अंतर लागते. लहान धावपट्टीवर घेतलेल्या चाचणीत म्हणूनच खरा कमाल वेग मिळत नाही.

मोजलेल्या अंतरावरील चाचणी : कमाल वेग मोजण्याची सर्वांत जुनी व भरवशाची रीत म्हणजे काटेकोरपणे मोजलेले अंतर गाडीने किती काळात कापले हे पाहणे. गाडी आधीच पूर्ण वेगात असताना हे अंतर सुरू होते. हाताने चालविलेल्या विराम-घड्याळात माणसाच्या प्रतिक्रियेमुळे ०·२ सेकंदाची चूक सहज होते. ताशी २०० किमी. वेगाने १ किमी. अंतर १८ सेकंदांत कापले जाते. त्यात ०·२ सेकंदाचा फरक पडल्यास वेग ताशी १९७·८ किंवा २०२·२ किमी. असा येतो. अंतर केवळ १०० मी. असल्यास तीच चूक ११ टक्क्यांहून मोठी ठरते. म्हणून अंतराच्या दोन्ही टोकांना प्रकाशशलाका व प्रकाशविद्युत् घट बसवून गाडीने शलाका तोडताच घड्याळ आपोआप चालू व बंद होईल अशी योजना करतात.

वारा व उतार यांचा परिणाम टाळण्यासाठी गाडी त्याच अंतरावर दोन्ही दिशांनी नेतात. शंभरात एक इतका सौम्य उतारही ६०० किग्रॅ. वजनाच्या गाडीस सु. ५९ न्यूटन प्रेरणा पुरवितो. ही प्रेरणा ताशी १८० किमी. वेगाच्या वायुरोधाच्या ४ टक्क्यांहून अधिक भरते. अधिकृत विक्रमांसाठी दोन्ही धावा एका तासाच्या आत पूर्ण कराव्या लागतात आणि दोन वेगांची नव्हे, तर दोन काळांची सरासरी घेतात. १ किमी. अंतर एका दिशेने २० सेकंदांत (ताशी १८० किमी.) व उलट दिशेने १८ सेकंदांत (ताशी २०० किमी.) कापल्यास सरासरी काळ १९ सेकंद व वेग ताशी १८९·५ किमी. येतो, वेगांची साधी सरासरी मात्र १९० येते.

गाडीची स्थिती नोंदविणे किती आवश्यक असते, हे ट्रायंफ टीआर-२ या गाडीच्या १९५३ मधील चाचणीवरून दिसते. बेल्जियममधील याबेक येथील सरळ महामार्गावर केन रिचर्डसन यांनी ही २ लिटर एंजिनाची गाडी ताशी १२४ मैलांहून (सु. २०० किमी.) अधिक वेगाने चालविली. या वेळी पुढील मोठी काच काढलेली होती, शेजारच्या आसनावर धातूचे आच्छादन होते, गाडीचा तळ झाकलेला होता आणि मागील चाकांवर पत्र्याची झाकणे होती. छत व काच लावून नेहमीच्या स्थितीत त्याच गाडीचा वेग ताशी सु. ११४ मैल (सु. १८४ किमी.) भरला. शक्ती तीच असताना वेगात पडलेला हा फरक पाहता वायुरोधांक व क्षेत्रफळ यांचा गुणाकार सु. एक-पंचमांशाने घटला असावा. दोन्ही आकडे खरे होते, पण ग्राहकाच्या हाती येणाऱ्या गाडीचा आकडा दुसराच होता.

वर्तुळाकार चाचणीमार्ग : लांब सरळ रस्ता उपलब्ध नसल्यास बाहेरच्या कडेला उंच केलेल्या वर्तुळाकार मार्गावर चाचणी घेतात. ब्रिटनमधील मिलब्रुक येथील असा मार्ग २ मैल, तर इटलीतील नार्दो येथील १९७५ मधील मार्ग १२·६ किमी. परिघाचा आहे. ज्या वेगाला गाडी सुकाणू न वळविता मार्गावर राहते, त्यापेक्षा वेग वाढल्यास टायर आडवे ओढले जातात व त्यात शक्ती खर्च होते. परिणामी लहान परिघाच्या मार्गावर मिळालेला कमाल वेग सरळ रस्त्यावरील वेगापेक्षा कमी येतो.

चालत्या गाडीतील उपकरणे : रस्ता-चाचणी करणारी नियतकालिके अनेक दशके ‘पाचवे चाक’ वापरीत. गाडीच्या मागे जोडलेले हे हलके चाक एंजिनाशी जोडलेले नसल्याने शक्तीमुळे घसरत नाही; मात्र खडबडीत रस्त्यावर ते उसळते. त्यानंतर रस्त्याच्या पृष्ठभागाची प्रकाशीय प्रतिमा टिपून, स्पर्शाविना वेग मोजणारी उपकरणे आली. आता उपग्रहांवर आधारित ग्राहक प्रचलित आहेत. उपग्रहाच्या संदेशाच्या कंप्रतेत डॉप्लर परिणामाने होणाऱ्या बदलावरून ते वेग काढतात. हा वेग टायरच्या परिघावर अवलंबून नसतो आणि मोकळ्या आकाशाखाली तो अत्यंत अचूक असतो. पूल, झाडी व उंच इमारती यांखाली मात्र संदेश खंडित होऊन खोटी शिखरे नोंदली जातात. म्हणून क्षणभर दिसलेला सर्वोच्च आकडा न घेता काही अंतरावरील सरासरी ग्राह्य धरतात.

फेरीकाल : शर्यतीत प्रत्येक गाडीवर सांकेतिक संदेश देणारा प्रेषक बसवितात आणि मार्गाखाली पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावरून गाडी जाताच काळ नोंदला जातो. हा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत देतात. ताशी २०० किमी. वेगाने जाणारी गाडी तेवढ्या अवधीत सु. ५·६ सेंमी. पुढे जाते. एवढी सूक्ष्मताही कधी अपुरी पडते : १९९७ मध्ये स्पेनमधील हेरेथ येथे फॉर्म्युला-वन शर्यतीच्या पात्रता-फेरीत तीन चालकांचा काळ नेमका १ मिनिट २१·०७२ सेकंद असा एकच नोंदला गेला. उपग्रह-ग्राहकाने फेरीकाल काढताना सेकंदाला १० नोंदी घेतल्यास ताशी २०० किमी. वेगास दोन नोंदींमध्ये ५·६ मी. अंतर पडते; म्हणून रेषा ओलांडल्याचा क्षण मधल्या अंतरावरून गणिताने काढावा लागतो.

गाडी जेथे अधिक वेळ घालविते, तेथील सुधारणा फेरीकालात अधिक उतरते. ५०० मी. सरळ भागात वेग ताशी २०० वरून २१० किमी. केल्यास सु. ०·४ सेकंद वाचतो. तितक्याच लांबीच्या वळणांवर वेग ताशी ८० वरून ८४ किमी. केल्यास, म्हणजे तेवढीच ५ टक्के वाढ झाल्यास, १ सेकंदाहून अधिक वाचतो. वळणावरील कमाल वेगाच्या साध्या सूत्रातून वजन वगळले जाते. परंतु प्रत्यक्षात टायरवरील भार वाढतो तसा त्याचा घर्षण गुणांक घटतो. त्यामुळे तेच टायर असताना हलकी गाडी वळण अधिक वेगाने घेते, उशिरा गतिरोधन करू शकते व वळणातून बाहेर पडताना लवकर वेग घेते. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या उत्तर मार्गावर २००९ मध्ये मायकेल व्हर्गर्स यांनी सु. ७०० किग्रॅ. वजनाच्या रॅडिकल एसआर-८ एलएम या गाडीत २०·६ किमी. अंतर ६ मिनिटे ४८·२८ सेकंदांत कापले. ही सरासरी ताशी सु. १८२ किमी. पडते.

याच मार्गावर मापनाच्या रेषेचे महत्त्वही स्पष्ट झाले आहे. पूर्वी उत्पादक सरळ भागाचा एक तुकडा वगळून २०·६ किमी. अंतराचा काळ देत. २०१९ पासून अधिकृत नोंदीसाठी २०·८३२ किमी. लांबीची पूर्ण फेरी धरतात. २०२१ मध्ये पोर्श ९११ जीटी-२ आरएस या गाडीच्या विशेष सज्ज केलेल्या आवृत्तीने पूर्ण फेरी ६ मिनिटे ४३·३०० सेकंदांत केली; त्याच धावेत २०·६ किमी. अंतराचा काळ ६ मिनिटे ३८·८३५ सेकंद होता. रेषा बदलताच सु. साडेचार सेकंदांचा फरक पडतो, हे ध्यानात न घेता जुन्या व नव्या काळांची तुलना केल्यास निष्कर्ष चुकतो. टायरांचा प्रकार, इंधनाचे वजन, रस्त्याचे तापमान व चालक हेही नोंदीचे आवश्यक भाग होत.

हवेची घनता उष्णतेने व उंचीने घटते. त्यामुळे वायुरोध कमी होतो. पण अधिभारक नसलेल्या एंजिनाची शक्तीही कमी होते. म्हणून तापमान व वायुदाब यांची नोंदही चाचणीत ठेवतात. सार्वजनिक रस्त्यावर अशा चाचण्या घेणे बेकायदेशीर व घातक आहे. वेगमापक खऱ्याहून जास्त वेग दाखवितो हा दोष तेथे संरक्षकच ठरतो. मात्र मूळ टायरांऐवजी मोठ्या परिघाचे टायर बसविल्यास ते संरक्षण नष्ट होऊन काटा खऱ्याहून कमी वेग दाखवू शकतो. भारतात मोटारगाड्यांच्या चाचणीचे कार्य पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही संस्था करते. मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे २०२१ मध्ये ११·३ किमी. लांबीचा अतिवेग चाचणीमार्ग खुला झाला, त्यामुळे मोठ्या वेगाच्या चाचण्या देशातच घेणे शक्य झाले आहे.