लाखनीत राहून ‘डायव्हर्सिटी’चं काम करता येतं का?

परवा बीबीए झालेली एक मुलगी दुकानात आली. म्हणाली, “सर, डीईआय लीडरशिपचा ऑनलाइन कोर्स आहे. फी भरू का?”

आधी शब्द समजून घ्या. डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन. म्हणजे कंपनीत नोकरी कोणाला मिळते, माल कोणाकडून घेतला जातो आणि कोण कायम गेटच्या बाहेरच राहतो, हे तपासून बदल घडवायचं काम. मोठ्या कंपन्यांत यासाठी पगारी पद असतं, पण ते पुण्या-मुंबईकडे, आणि बहुतेक वेळा एचआरचा अनुभव असलेल्यांना. लाखनीत ते पद नाही. माल कोणाकडून घ्यायचा, हा भाग मात्र आपल्या अगदी जवळचा आहे.

मिलिंद कांबळे यांचं उदाहरण बघा. सिव्हिल इंजिनियर, स्वतःचा बांधकाम व्यवसाय. 2005 मध्ये त्यांनी पुण्यात दलित उद्योजकांची संघटना काढली, डिक्की. दलित तरुणांनी नोकरी मागण्यापेक्षा नोकरी द्यावी, ही भूमिका. 2013 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डीईआयचं पद कुणी दिलं नव्हतं, पण काम तेच.

आता नियम. 2012 च्या केंद्राच्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सरकारी कंपन्यांनी वर्षभराच्या खरेदीतला किमान 25 टक्के माल आणि सेवा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायच्या. त्यातच 4 टक्के एससी-एसटी मालकांकडून आणि 3 टक्के महिला मालकांकडून. हे वर्षाचं उद्दिष्ट आहे, प्रत्येक टेंडरमध्ये राखीव वाटा असतोच असं नाही. आपल्या जिल्ह्यात जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, ती आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये येते. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॉइलच्या मँगनीज खाणी आहेत. दोन्ही सरकारी कंपन्या.

या धोरणात टेंडर फॉर्म फुकट, अनामत रक्कम माफ. सर्वात कमी दर मोठ्या कंपनीचा निघाला आणि तुमचा दर त्यापेक्षा 15 टक्क्यांच्या आत असला, तर त्यांच्या दराला उतरायची तयारी दाखवून ऑर्डरचा काही भाग मिळू शकतो. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका. आणि माझ्यासारख्या दुकानदारांनो, नुसत्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला उद्यम मिळतं, पण ते बँकेच्या कर्जासाठी. खरेदीतल्या या सवलती बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला.

खरी गोची पुढे आहे. एक ओळखीचे गृहस्थ आले. “भाऊ, बायकोच्या नावावर करून दे नं, 3 टक्क्यांत बसते.” मी विचारलं, वहिनींना दर माहीत आहे का? चेकवर सही कोण करणार? ते हसले. भागीदारीत किंवा कंपनीत महिलेचा किमान 51 टक्के हिस्सा लागतो, पण कागदावर 51 दाखवणं फार सोपं आहे. मी ते काम घेतलं नाही. फीवर पाणी सोडलं, आणि गृहस्थ अजून नीट बोलत नाहीत. पण अशा एका कागदाने खरंच मशीन चालवणाऱ्या ताईचा नंबर मागे जातो. या क्षेत्रात यायचं असेल तर हे ‘नाही’ म्हणणं तुम्हाला वारंवार करावं लागेल, आणि ते कोणत्याही सर्टिफिकेटवर लिहिलेलं नसतं.

म्हणून त्या मुलीला म्हटलं, फी सध्या ठेव. आधी एक खरी मालकीण शोध. उद्यम कर, जेम पोर्टलवर प्रोफाइल काढ, एक टेंडर शेवटच्या पानापर्यंत वाच, दर तिच्यासोबत बसून काढ. तिने शिवणकाम करणाऱ्या एक ताई शोधल्या. पहिलं बिड गेलं, कारण वाहतूक खर्च दुप्पट धरला होता. दुसऱ्याचा हिशेब रविवारी दुकानात बसून करणार आहोत. ताई म्हणाल्या, या वेळी कापडाचा भाव मीच विचारून येते.