मुक्कामाची गाडी

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांनी चारही चाकांच्या बळाने चालणारी जीप प्रथम पाहिली ती बहुधा एखाद्या सरकारी अंमलदाराच्या फिरतीत. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत घडविलेली विलीज जीप युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत जुळवून विकण्यास आरंभ केला, आणि महसूल, जंगल, पाटबंधारे अशा ज्या खात्यांना पक्क्या सडकेचा भरवसा नव्हता त्यांच्या कारभारात हे वाहन लवकरच रुळले. परंतु त्या अंमलदाराचा रात्रीचा बंदोबस्त आधीच झालेला असे; डाकबंगला होता, खानसामा होता, खाट होती. चिखलातून आणि नदीच्या पात्रातून त्याला तेथवर नेऊन सोडले की जीपेचे कर्तव्य संपत असे. आज सहकुटुंब भटकंतीला निघणारा गृहस्थ जेव्हा त्याच वंशातल्या गाडीकडून वाट काढण्याची आणि रात्री आत झोपू देण्याची अशी दुहेरी अपेक्षा करतो, तेव्हा तो तिच्या मूळ आराखड्यात नसलेली गोष्ट मागत असतो, याचे भान खरेदीपूर्वी असलेले बरे.

जाहिरातींतून या गाड्या खडकांवर चढताना दिसतात आणि ग्राहकाचे चित्त तेथेच गुंतते. माझे मत असे की, ज्याला गाडीत रात्र काढावयाची आहे त्याने निवडीचा प्रारंभ रात्रीपासून करावा. खडक चढण्याचा प्रसंग वर्षातून क्वचित येतो. पाठ टेकण्याचा प्रसंग मात्र प्रत्येक मुक्कामात येतो, आणि ज्या गाडीत पाय लांब करता येत नाहीत तिच्यातून दुसऱ्या दिवशी घाटातली वळणे घेणारा चालक अर्धवट झोपेत असतो.

यासाठी विक्रेत्याकडे जाताना मोजपट्टी न्यावी. पुढची आसने पूर्ण पुढे सरकवून व मागची दुमडून, पुढच्या आसनाच्या पाठीपासून मागच्या दरवाजापर्यंतचे अंतर जमिनीलगत मोजावे. मध्यम उंचीच्या माणसाला १८० सेंटिमीटर तरी लागतात, आणि दोघांना शेजारी निजण्यास १२० सेंटिमीटर रुंदी लागते. ही रुंदी दाराजवळ मोजून उपयोग नाही. मागच्या चाकांवरचे उंचवटे आत आलेले असतात आणि खांदे नेमके तेथेच येतात, म्हणून माप त्या दोन उंचवट्यांच्या मधले घ्यावे. यानंतर प्रश्न सपाटीचा. दुमडलेली आसने बहुतेक गाड्यांत सामानाच्या जागेपेक्षा उंच राहतात किंवा पुढच्या बाजूस चढती होतात, आणि त्या चढावर रात्रभर अंग खाली घसरत राहते. सुताराकडून प्लायवूडचा, मोडून ठेवता येण्याजोगा मंच करून घेणे हा यावरचा जुना व उत्तम उपाय होय. त्याच्याखाली भांडी, पाण्याचे डबे, शेगडी हा सारा सरंजाम राहतो. मात्र मंच जितका उंच तितके छत जवळ येते, आणि बसून सदरा घालण्याइतकीही जागा उरत नसेल तर पावसाळी सह्याद्रीत, जेथे बाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते, ती गाडी निरुपयोगी समजावी.

या कसोटीला बाजारातल्या लोकप्रिय गाड्या निरनिराळ्या उतरतात. नाशिकला तयार होणारी तीन दरवाजांची थार बिकट वाटेवर नामांकित खरी, पण तिच्या मागच्या बाकाच्या पलीकडे सामानालाच जागा अपुरी, तेथे माणसाने निजावे कोठे? पाच दरवाजांची जिम्नी बाहेरून चार मीटरांच्या आत असूनही तिची पुढची आसने मागे जवळजवळ आडवी होऊन मागच्या बाकाला मिळतात, त्यामुळे दोन सडपातळ माणसे खाचाखळग्यांवर जाड गादी टाकून रात्र निभावून नेऊ शकतात. तिसऱ्याची तजवीज तेथे नाही. आकुर्डीच्या फोर्स कंपनीच्या पाच दरवाजांच्या गुरख्याच्या चाकांमधले अंतर २,८२५ मिलिमीटर आहे, म्हणजे लांबी पुष्कळ. पण ती मुख्यतः प्रवासी बसविण्यासाठी योजिली असल्याने आसने कशी हलतात हे स्वतः करून पाहावे. इसुझूच्या व्ही-क्रॉससारख्या मागे उघडा हौदा असलेल्या गाडीवर टपाचे आच्छादन बसविता येते, मात्र हौद्याची लांबी पाच फुटांच्या आसपास असल्याने उंच माणसाला तिरके निजावे लागते.

आता चाकांकडे वळू. ‘फोर बाय फोर’ या एकाच नावाखाली दोन भिन्न प्रकृतींची यंत्रे आपल्याकडे सरसकट मोजली जातात. पहिली जीपेच्या वंशातली. तिच्यात एरवी मागचीच चाके गाडी ढकलतात, आणि चालकाने दांडा किंवा कळ फिरविली की पुढची चाके मागच्यांशी ताठरपणे जोडली जातात. वळण घेताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांब मार्ग कापावा लागतो. ओल्या मातीवर चाके किंचित घसरून हा फरक फेडतात, पण कोरड्या डांबरी सडकेवर घसरण्यास वाव नसल्याने तो ताण आतल्या दांड्यांत व दंतचक्रांत साठत जातो आणि अखेर यंत्राची हानी करतो. म्हणून अशा गाडीची ही जोडणी सडक संपल्यावरच वापरावयाची असते. तिचा खरा ठेवा म्हणजे ‘फोर-लो’, अर्थात वेग घटवून जोर कित्येक पटींनी वाढविणारा गिअर, ज्याच्या आधारे भरलेली गाडी ब्रेकवर पाय न ठेवता उभा उतार सावकाश उतरू शकते.

दुसरा वंश मोटारींचा. जपानच्या बर्फाळ तोहोकु प्रांतातल्या वीज कंपनीला हिवाळ्यात तारांची पाहणी करणाऱ्या आपल्या कामगारांसाठी जीपेहून सुखकर वाहन हवे होते. त्या मागणीतून सुबारूने प्रयोग केले आणि १९७२ साली लिओन नावाची चारही चाके चालणारी स्टेशन वॅगन सर्वसामान्यांसाठी बाजारात आणली. फिरतीवरच्या माणसाच्या गरजेतूनच हाही वंश निपजला, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. आपल्याकडे ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप, रांजणगावला तयार होणारी जीप कंपास, एक्सयूव्ही-७०० यांचे चारही चाके चालणारे प्रकार याच कुळातले आहेत. यांत शक्ती पुढच्या-मागच्या चाकांत वाटण्याचे काम यंत्र आपण होऊन करते, म्हणून कोरड्या सडकेवरही धोका नाही. मात्र फोर-लोचा स्वतंत्र गिअर यांत नसतो. चिखलाची पायवाट, ओले गवत, घाटातली पावसाळी सडक यांना त्या पुरतात, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सह्याद्रीत कुटुंबासह हिंडणाऱ्या दहांतल्या आठ लोकांची गरज एवढीच असते.

दोन्ही वंशांना एक मर्यादा समान आहे. डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलचा स्वभावच असा की एक चाक अधांतरी राहिले किंवा राडीत फसले की एंजिनाचा जोर त्याच्याच वाटे पळून जातो, म्हणजे चारही चाके जोडूनही पुढचे एक व मागचे एक अशी दोनच चाके गरगर फिरत राहू शकतात. जिम्नी फिरत्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्याकडे वळविते. गुरख्यात पुढच्या व मागच्या दोन्ही आसांना चालकाने लावावयाची लॉक असतात. हे जाणून न घेता केवळ मागच्या दारावरचा ‘४×४’ हा शिक्का पाहून पैसे मोजणे व्यर्थ आहे. शिवाय गाडी थांबविण्याच्या कामी हा शिक्का काडीचाही उपयोगी नाही; थांबविणारे ब्रेक आणि टायर प्रत्येक गाडीला असतातच, आणि झिजलेल्या टायरांची महागडी फोर बाय फोर नव्या टायरांच्या साध्या मोटारीपुढे हरते. ज्याचे अंदाजपत्रक तुटपुंजे आहे त्याने दोनच चाकांच्या बळाने चालणारी, पण जमिनीपासून उंच आणि आतून सपाट गाडी घेऊन चांगले ऑल-टेरेन टायर व हवा भरण्याचा छोटा पंप यांवर उरलेली रक्कम खर्चावी, असा माझा निःशंक सल्ला आहे.

हिमालयातल्या स्पितीकडे जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. ग्रांफू ते लोसर हा कुंझुम खिंडीतून जाणारा मार्ग दगडगोट्यांचा व वितळत्या बर्फाच्या नाल्यांचा, तेथे फोर-लो ही चैन राहत नाही. ४,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, त्यामुळे टर्बो नसलेले पेट्रोल एंजिन आपला जवळजवळ एक-तृतीयांश जोर गमावून बसते. भरलेल्या गाडीसाठी टर्बो डिझेल तेथे अधिक भरवशाचे. मुक्काम खिंडीवर न करता शक्य तितका खाली उतरून करावा, कारण विरळ हवेचा त्रास झोपेत बळावतो.

बंद गाडीत झोपण्याची एक जोखीम मात्र उंचीवर अवलंबून नाही, आणि तिच्याबद्दल कितीही कळकळीने लिहिले तरी थोडेच आहे. वातानुकूलन किंवा ऊब मिळावी म्हणून एंजिन चालू ठेवून झोपणे, अथवा आत शेगडी पेटविणे, हे प्राणघातक होय. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. झोपलेल्या माणसाला काही कळण्यापूर्वीच शुद्ध हरपते. एंजिन बंद करून समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात व त्यांना मच्छरदाणीचे कापड लावावे. दोघांच्या श्वासातून रात्रभरात वाटीभराहून अधिक पाणी बाहेर पडते, ते काचांवर व गादीत न साचता या फटींतून निघून जाते.

राहता राहिला कायद्याचा भाग. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमान्वये नोंदणी दाखल्यातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करण्यास बंदी आहे, आणि आसनसंख्या ही त्या दाखल्यात नमूद असते; म्हणून आसने कायमची उपटून बिछाना ठोकण्यापेक्षा उचलून बाहेर काढता येणारा मंच शहाणपणाचा. टपावरचा तंबू घेणाऱ्याने चालत्या गाडीच्या टपाला किती भार सोसतो हा आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतून काढावा, कारण वरचे वजन घाटाच्या वळणावर गाडी कलंडविण्यास हातभार लावते. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदीच आहे, आणि आपल्या कोकणातही भरतीपूर्वी ओल्या पुळणीत रुतलेली गाडी फोर बाय फोर असली म्हणून वाचत नाही. कासच्या पठाराची २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गणना झाली. तेथील सड्यावरची माती जेमतेम काही इंचांची, तिच्यावर एकदा चाक फिरले की पुढच्या पावसाळ्यातली फुले तेवढ्या पट्ट्यात येत नाहीत. भंडारदऱ्याच्या भोवतालचे रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडते, म्हणून तेथे मुक्कामापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी. खाजगी माळावर राहावयाचे तर जमिनीच्या मालकाला विचारून, गावच्या पोलीस पाटलाकडे अंधार पडण्यापूर्वी गाडीचा क्रमांक व माणसांची संख्या कळवून ठेवावी.