घरातली वीज (लेखांक ९) : बटण पडलं, पण कोणतं?

सावद्याहून मावशीचा फोन मे महिन्यात आला होता. "लाइटचं बटण सारखं पडतंय रे." जुलैत पुन्हा आला, वाक्य तेच. मी दोन्ही वेळा एकच दुखणं समजलो आणि तिथेच फसलो.

आधी मे. मावशीचं घर धाब्याचं, सागवानी तुळयांचं. पुढच्या दोन खोल्या आणि ओटा मिळून ६ अँपिअरचा एक एमसीबी. बटण संध्याकाळी पडायचं. उचललं की राहायचं आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा खाली. माझ्या मते वायरमनने विचारायचा पहिला प्रश्न हाच: उचलल्यावर बटण किती वेळ टिकतं?

कारण एमसीबीच्या पोटात दोन राखणदार असतात. एक गुंडाळी. फेज न्यूट्रलला भिडली की प्रवाह एकदम उसळतो आणि ती क्षणात बटण पाडते. घरात सर्रास मिळणाऱ्या 'सी' जातीच्या एमसीबीत ही उसळी ५ ते १० पट धरलेली असते, म्हणजे ६ च्या बटणाला ३० ते ६० अँपिअर. दुसरी दोन धातूंची जोडपट्टी. ती जादा लोडने हळूहळू तापते, वाकते आणि मग बटण पाडते. पाऊण तास टिकणारं बटण म्हणजे पट्टीचं काम. तिथे शॉर्ट शोधत बसू नये, बेरीज करावी.

बेरीज अशी निघाली. ९ वॅटचे दहा दिवे आणि ७५ चे चार पंखे, मिळून ३९० वॅट. त्याच बोर्डाच्या सॉकेटवर दूध आटवायची हजार वॅटची शेगडी. २३० व्होल्टला हे सहा अँपिअर होतात, आणि डिसेंबरात ते बिनतक्रार चालायचं. मेमध्ये त्यात २०० वॅटचा कूलर आला. बेरीज ६.९.

पण नुसत्या कूलरवर ढकलून भागत नाही. एमसीबीवरचा आकडा ३० अंश तापमानाला ठरवलेला असतो. खान्देशातला मे, पश्चिमेची भिंत, तिच्यावर बंद पेटी. आत पन्नास अंश सहज. तिथे ६ चा एमसीबी सव्वापाच-साडेपाचाचाच उरतो. पट्टी निम्मी आधीच तापलेली असते, बाकीचं काम शेगडी करते.

शेजाऱ्यांनी तोवर उपाय सुचवला होता: १६ चा एमसीबी टाका, कटकट मिटेल. मिटली असती खरी. पण मग जुन्या वायरीने तुळयांच्या कडेने तापायचं आणि बटणाने बघत राहायचं. शेगडीला पेटीपासून वेगळी जाड वायर ओढली आणि मे निभावला.

जुलैत मी फोनवरच निदान केलं, "शेगडी पुन्हा तिथेच लावली असणार." मावशी चिडली. शेगडीला हातही लावला नव्हता. शेवटी गावातले वायरमन काका आले आणि त्यांनी जे विचारलं ते मला सुचायला हवं होतं: "ताई, कोणतं बटण?" एमसीबी सगळे वर होते. पडत होता तो त्यांच्या शेजारचा रुंद आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. त्याला लोडशी देणंघेणं नसतं. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पुरता परत आला का, एवढाच हिशोब तो ठेवतो. तूट दिसली की घरभर अंधार.

मावशीने सगळ्या दिव्यांची बटणं बंद करून पाहिली होती. तरी पडतो, म्हणजे दोष दिव्यांत नाही, असा तिचा तर्क. तर्क चांगला, पण बोर्डावरचं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल जोडलेलाच राहतो, एकेरी एमसीबी खाली केला तरीही. तो न्यूट्रल कुठे अर्थिंगला टेकला, की चालू असलेल्या फ्रिजचाही परतीचा थोडा प्रवाह त्या चोरवाटेने जमिनीत उतरतो. आरसीसीबीला ती तूट पुरते.

काकांनी मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि पेटीतल्या न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक वायर सोडवायला घेतली. एक सोडवायची, टोक झाकायचं, मेन चालू करून बघायचं, पुन्हा बंद. (हे परवानाधारक वायरमनचं काम आहे, वाचून कोणी पेटी उघडू नये.) तिसरी वायर सुटल्यावर आरसीसीबी टिकला. ती खळ्यातल्या दिव्याची होती.

मागच्या भिंतीवरून ती लोखंडी पाइपातून जात होती. पाइपाच्या तोंडाशी उंदरांनी न्यूट्रलचं प्लास्टिक कुरतडलेलं. उन्हाळाभर ते कोरडं होतं म्हणून कोणाला कळलं नाही. पहिल्या झडीचं पाणी पाइपात उतरलं आणि उघड्या तांब्याला अर्थिंगची वाट मिळाली. दुपारी ऊन पडलं की बटण राहायचं, पाऊस आला की पडायचं. मावशीने हेही सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

वायर बदलली, पाइपाचं तोंड खाली वळवलं. काका निघताना म्हणाले, "भो, तेवढा पाइपाचा अर्थिंग तपासा." खड्डा उघडला तर आत काय निघालं, ते पुढच्या लेखांकात.