उसाच्या फडातील मानवाधिकार

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या भागांतील अनेक आदिवासी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. त्यांना कामावर आणतो तो मुकादम असल्याने साखर कारखाना स्वतःला त्यांचा मालक मानायला सहसा तयार नसतो. मुकादम हंगामापूर्वी ‘उचल’, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम देतो, आणि हिशेब बहुधा ‘कोयत्या’चा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा मिळून होत असल्याने स्त्रीची मजुरी वेगळी दिसतच नाही. अशा आगाऊ रकमेमुळे अन्यत्र काम करण्याचे स्वातंत्र्य गमावले जात असेल, तर 1976च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानुसार ती वेठबिगारी ठरते.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने 2011मध्ये मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्यवसायाची जबाबदारी स्वतःच्या आवारापुरती नसून पुरवठा साखळीतील, म्हणजे कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंतच्या सर्व दुव्यांतील, हानीपर्यंत पोहोचते. भारतात शेअर बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23पासून जबाबदार व्यवसायाचा अहवाल बंधनकारक केला आणि त्यात मानवाधिकारांचे स्वतंत्र प्रकरण आहे, मात्र सहकारी कारखाने शेअर बाजारात नसल्याने या चौकटीबाहेर राहतात, ही पळवाट किरकोळ नव्हे. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात हा विषय नीतिशास्त्राच्या एखाद्या तासिकेत उरकण्याऐवजी खरेदी आणि खर्चलेखनात शिकवला, तर उचलीची नोंद कोणाच्या वहीत असावी, हा प्रश्न विद्यार्थ्याला टाळता येणार नाही.