काकतीहून गोकाककडे: खडक बदलत जाणारी सायकलवाट

बेळगावहून निपाणीकडे निघालं, की शहर मागे पडता पडता महामार्गाला लागून काकती येते. कित्तूरची राणी चन्नम्मा इथल्या देसाई घराण्यात 1778 साली जन्मली. 23 ऑक्टोबर 1824 रोजी कित्तूरच्या वेशीवर कंपनी सरकारचा कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि या लेकीचं नाव मुलखभर झालं. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण याच गावातून माउंटन बाइकवर पूर्वेला निघालं, तर दोन दिवसांत पायाखालचा खडक डोळ्यांदेखत बदलत जातो, हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्या मते सीमाभागातली ही सर्वांत चांगली सायकलफेरी आहे. काकती, होनगा, पाच्छापूर, गोडचिनमलकी, गोकाक, धुपदाळ, हिडकल, हत्तरगी आणि परत काकती, असा तिचा फेरा.

काकतीच्या शेतांत काळी माती आहे. ती बेसॉल्टची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकाची झीज होऊन बनली. सह्याद्री ज्या दगडाचा, त्याच दगडाचं हे दक्षिणेकडचं टोक. ही माती कोरडी असताना सायकलला सुखाची. एक सर पडली, की मात्र ती टायरला धरते, फोर्कमध्ये गच्च बसते आणि चाक फिरायचं थांबतं. म्हणून जून-जुलैत शेतवाटांच्या नादी लागू नये, डांबरी रस्ताच धरावा. सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा उत्तम काळ. ट्यूबलेस टायर नसतील, तर बाभळीचे काटे पंक्चर काढायला बसवतात. उसाचा हंगाम सुरू झाला, की ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्ता व्यापतात, तेव्हा उजाडतानाच निघावं. काकतीच्या सहकारी साखर कारखान्याला ज्या मार्कंडेय नदीचं नाव दिलं आहे, तीच पुढे आपली वाटाड्या.

ही नदी पश्चिमेच्या डोंगरातून येते, राकसकोपला तिचं पाणी अडवून बेळगावला दिलं जातं, आणि गोकाकजवळ ती घटप्रभेला मिळते. होनग्यावरून आतल्या रस्त्यांनी पाच्छापूर गाठायचं. मिरज-लोंढा रेल्वेमार्ग इथून जातो. पाय थकले तर सुळदाळ, पाच्छापूर, गोकाक रोड ही स्टेशनं अधूनमधून भेटतात, आणि नवख्याला हा मोठा आधार आहे. पाच्छापूरच्या पुढे जमिनीचा रंग पालटतो. काळेपणा जाऊन तांबूस, रेताड माती येते, टायरखालचा आवाज खरखरीत होतो. आपण लाव्हाच्या चादरीच्या कडेवरून खाली, तिच्याखाली दडलेल्या जुन्या तळावर उतरलेले असतो.

या तळाच्या खडकांना भूशास्त्रज्ञ कलादगी समूह म्हणतात. बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून हे नाव पडलं. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने दक्षिण महाराष्ट्र मुलखाचा अहवाल 1876 साली प्रसिद्ध केला, त्यात या खडकांची पहिली सविस्तर मांडणी आहे. शंभर कोटी वर्षांच्या आगेमागे इथे उथळ समुद्र होता. किनाऱ्याकडे वाळू साचली, तिचा वालुकाश्म आणि पुढे काचेसारखा कठीण क्वार्ट्झाइट झाला. जिथे पाणी निवळ आणि शांत होतं, तिथे चुना साचून चुनखडक तयार झाला. तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं, पाण्यात मासा नव्हता.

गोडचिनमलकीला हा वालुकाश्म हाताने चाचपता येतो. मार्कंडेय इथे रानातल्या दरीत दोन टप्प्यांत कोसळते. पहिली उडी सुमारे 25 मीटरची, थोडं पुढे दुसरी सुमारे 20 मीटरची. सायकल वर ठेवून खडकाच्या अंगावर तळहात फिरवा. बेसॉल्ट गुळगुळीत आणि थंड लागतो, हा पॉलिश कागदासारखा खरखरतो, आणि भिंगातून पाहिलं तर वाळूचा कण न् कण वेगळा दिसतो. काही थरांवर पाण्याच्या लाटांनी उमटवलेल्या बारीक वळ्या टिकून राहिलेल्या दिसतात. सुक्या वालुकाश्मावर टायरची पकड अप्रतिम बसते. शेवाळ धरलेल्या ओल्या वालुकाश्मावर मात्र सायकल हातात धरूनच चालावं, पावसाळ्यात कड्याच्या टोकाशी जाऊ नये.

गोकाकचा धबधबा याच खडकाचं मोठं रूप. घटप्रभा सुमारे 52 मीटर खाली पडते, आणि पुराच्या दिवसांत तिच्या माथ्याची रुंदी 177 मीटरपर्यंत जाते. थर आडवे आणि भेगा उभ्या, त्यामुळे दगड चौकोनी ठोकळ्यांनी सुटतो आणि कडा सरळच्या सरळ राहतो. म्हणून पाणी उतारावरून घसरत नाही, थेट कोसळतं. या उडीतली ताकद कापूस कातणाऱ्यांनी ओळखली. गोकाकची गिरणी 1885 ची, आणि 1887 पासून पडत्या पाण्याच्या जोरावर तिची यंत्रं चालू लागली. काठावर उत्तर चालुक्य काळातलं महालिंगेश्वराचं देऊळ आहे, नदीवर झुलता पूल आहे. पूल बंद असेल तर हट्ट धरू नये, काठावरूनही दर्शन पुरेसं होतं. जवळच कोन्नूरच्या परिसरात महापाषाण काळातली, शिळा उभ्या-आडव्या रचून केलेली दफनघरं आहेत. दगड थराथराने सपाट निघतो म्हणून अशी घरं रचता आली, आणि म्हणूनच ती उभी राहिली. धबधब्यापेक्षाही ही दफनघरं मला अधिक थांबवून ठेवतात. त्यांना कुंपण, फलक आणि राखण हवी. सीमाभागाच्या इतक्या जुन्या माणसांचा एवढा स्पष्ट पुरावा आपल्या दारात असताना आपण करदंट घेऊन परत फिरतो, याचं मनापासून वाईट वाटतं. करदंटही घ्यावंच. डिंक, गूळ, खोबरं, सुका मेवा, चढावर याहून चांगलं खाणं नाही.

फूटला गोकाकजवळच्या चिकदौली परिसरात नाल्याकाठच्या गाळात गेंड्याची जीवाश्म हाडं मिळाली. त्याने 1874 साली त्या गेंड्याला दख्खनचं नाव दिलं. आज जिथे ऊस आणि मका उभा आहे, तिथे एकेकाळी गेंडे चरत होते.

परतीला उत्तरेची वाट. धुपदाळचा ब्रिटिशकालीन बंधारा लागतो, त्याच्या पाणथळीत 1974 पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात करकोचे आणि क्रौंच उतरतात. पुढे हिडकलचं 51 टीएमसीचं धरण. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर या जलाशयात गेलं आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की वर येतं. हिडकलनंतर पुन्हा काळा दगड. हत्तरगीच्या बाजूचा वल्लभगड, म्हणजेच हरगापूरगड, वेळ असेल तर चढावा. मग महामार्गाच्या सेवारस्त्याने काकती.

या फेऱ्यात चुनखडक मात्र येत नाही. त्यासाठी गोकाकहून पूर्वेला यादवाड आणि लोकापूरकडे आणखी एक दिवस द्यावा लागतो. सिमेंटचे कारखाने उभे आहेत तो हाच पट्टा. आपल्या घरातली शहाबादी फरशी चुनखडकाचीच, पण ती भीमेच्या खोऱ्यातली. लोकापूरचा दगड करडा, कुठे निळसर, थर पातळ. ओळख पटवायला सायकलवाल्याच्या पिशवीतलं लिंबू पुरतं. ताज्या फुटलेल्या कडेवर चार थेंब पिळून कान जवळ न्यावा. बारीक फुरफुर येते, कारण आम्लाने चुना विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. फुरफुर आली नाही तरी निराश होऊ नये. शेजारीच डोलोमाइट असतो, त्यात मॅग्नेशियम आहे, आणि तो खिळ्याने खरवडून पूड केल्याशिवाय लिंबाला दाद देत नाही. या पट्ट्यात काही ठिकाणी घुमटासारखे, एकात एक बसलेले थर दिसतात. ते सूक्ष्मजीवांनी चिखल धरून ठेवत रचले, त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. असा दगड दिसला तर फोटो काढावा, हातोडी लावू नये.