सातबारा उताऱ्याचे संगणकीकरण

सातबारा उतारा हा महाराष्ट्राच्या महसूल विभागातील शेतजमिनीचा मुख्य अभिलेख होय. गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख) आणि गाव नमुना १२ (पिकांची नोंदवही) यांच्या एकत्रीकरणातून त्याला हे नाव मिळाले. पूर्वी हस्तलिखित असलेला हा अभिलेख आता संगणकावर तयार केला व जतन केला जातो.

निर्मिती

खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदले गेल्यावर त्याची माहिती 'ई-फेरफार' प्रणालीतून संबंधित तलाठ्याकडे पोहोचते. तलाठी गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंदवतो आणि हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत (६-अ) जाते. अन्यथा मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो व त्यानुसार सातबारा अद्ययावत होतो. पीकपेऱ्याची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' उपयोजनाद्वारे शेतकरी स्वतः करू शकतो.

मांडणी व शोध

अभिलेखांची मांडणी जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक या उतरंडीने केलेली आहे. नांदुरा तालुक्यातील उतारा पाहण्यासाठी प्रथम बुलढाणा जिल्हा, नंतर नांदुरा तालुका व त्यातील गाव निवडावे लागते. गट क्रमांकाखेरीज खातेदाराच्या नावानेही शोध घेता येतो. एका खातेदाराची त्या गावातील सर्व जमीन गाव नमुना ८-अ मध्ये एकत्र दिसते.

वैधता

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना व डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली. राज्यात डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध झाले. स्वाक्षरीविना दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. शासकीय कामासाठी तो ग्राह्य धरला जात नाही. स्वाक्षरी असलेल्या उताऱ्याची सत्यता त्यावरील पडताळणी क्रमांकावरून तपासता येते.

चुका व दुरुस्ती

जुन्या नोंदवह्यांतील मजकूर संगणकावर उतरवताना नावात, क्षेत्रात किंवा इतर हक्कांत फरक पडू शकतो. अशा एका चुकीमुळे पीककर्ज किंवा वारसनोंद अडून राहते. म्हणून गावोगावी चावडी वाचन करून नोंदी खातेदारांसमोर तपासण्यात आल्या. लेखनप्रमादाची दुरुस्ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये होते. कलम १५७ नुसार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. तथापि सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नसतो. मालकीहक्काच्या वादाचा निर्णय दिवाणी न्यायालय देते.